सर्व शाखांसाठी ‘समस्या निराकरण’ वर्ग : आठ रविवारांचा हिशेब

दिवाळीनंतर आमच्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक पत्रक लागले होते. ‘कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी – शाखा कोणतीही असो, प्रत्यक्ष आयुष्यातील समस्या सोडवायला शिका’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापलेले होते. आठ रविवार, प्रत्येकी तीन तास, शुल्क अठराशे रुपये आणि ठिकाण सोलापुरातील सात रस्त्याजवळच्या एका इमारतीचा दुसरा मजला, एवढीच माहिती. मी वाणिज्य शाखेला लेखाशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील सहा विद्यार्थ्यांनी ‘मॅडम, जाऊ का?’ असे विचारले, तेव्हा त्यांना हो किंवा नाही म्हणण्याआधी स्वतः पाहावे असे वाटल्याने मीही शुल्क भरून सातवी विद्यार्थिनी झाले. पुढे जे लिहिले आहे ते त्या आठ रविवारांच्या अनुभवावर आधारलेले आहे. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण काही गोष्टींबद्दल माझी नाराजी आहे आणि ती मी त्यांना लेखी कळवलेली आहे.

पहिल्या रविवारी प्रशिक्षकांनी ओळखपरेड, ध्येयवाक्ये वगैरे सोपस्कार न करता थेट फळ्यावर तीन भांडी काढली. घागर १२७ मापांची, कळशी २१ मापांची आणि फुलपात्र ३ मापांचे. यांच्या साहाय्याने नेमके १०० माप पाणी मोजून दाखवायचे. थोड्या खटपटीनंतर उत्तर सापडते: घागर भरावी, तिच्यातून एकदा कळशी आणि दोनदा फुलपात्र भरून काढावे. त्यानंतर त्याच पद्धतीने सुटणारी आणखी चार-पाच उदाहरणे आली आणि वर्गाचा हात बसला. मग घागर ४९ ची, कळशी २३ ची, फुलपात्र ३ चेच, आणि हवे २० माप, असे उदाहरण आले. वर्गातील बहुतेकांनी घागर भरली, कळशी काढली, दोनदा फुलपात्र काढले आणि बरोबर वीस आले म्हणून हात वर केले. कळशी भरून तिच्यातून एकदाच फुलपात्र काढले तरी वीसच उरतात, हे फक्त मागच्या बाकावरच्या बी. ए. प्रथम वर्षाच्या एका मुलीला दिसले. माझ्या शेजारचा मुलगा स्वतःच्या कपाळावर हात मारून ‘काय बे, एवढं साधं दिसलं न्हाई’ असे स्वतःलाच म्हणाला. बावीस वर्षे ताळेबंद जुळवायला शिकवणारी मीही लांबच्याच वाटेने गेले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे. हा प्रयोग अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि आकडेही त्याचेच आहेत. एकदा एखादी रीत हाताला लागली की समोरचा सोपा मार्ग माणसाला दिसेनासा होतो, हे अर्ध्या तासात आम्हा सर्वांच्या अंगावरून गेले. या एका रविवारापुरते बोलायचे तर अठराशे रुपयांतील आपला वाटा त्याने पुरेपूर वसूल करून दिला.

दुसरा रविवारही चांगला गेला. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्या – प्रश्न समजून घेणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून तपासणे – यांपैकी पहिल्या पायरीवर प्रशिक्षकांनी पूर्ण तीन तास घालवले. प्रत्येक गटाने सोडवण्यासाठी एक समस्या निवडायची होती. अपेक्षेप्रमाणे तीन गटांनी ‘सोलापूरचा पाणीप्रश्न’ लिहून दिला. एका गटाने तर उजनी धरणाची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, तेथून शहरापर्यंतची शंभरहून अधिक किलोमीटर लांबीची जलवाहिनी, इथपासून सुरुवात करून वहीचे पान भरवले होते. प्रशिक्षकांनी ते पान शांतपणे वाचले आणि विचारले, ‘यातले तुमच्या हातात काय आहे?’ उत्तर आले नाही. ‘पाणी कमी पडते म्हणजे कोणाला, कोणत्या दिवशी, किती वाजता?’ असे एकेक करून विचारत गेल्यावर शेवटी तो प्रश्न जुळे सोलापूर भागात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या नऊ मुलांच्या छतावरील दोन हजार लिटरच्या टाकीपर्यंत खाली आला: पाणी पाचव्या दिवशी येते आणि टाकी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडी पडते. मुलांचा चेहरा पडला होता, कारण धरणाच्या ठिकाणी टाकी आली. मला मात्र त्याच क्षणी या वर्गाचा उपयोग कळला. आपल्याकडचा विद्यार्थी निबंधातील प्रश्नांवर दहा पाने लिहू शकतो. आपल्या घरातील प्रश्न एका वाक्यात मांडायला त्याला कोणी सांगितलेलेच नसते. या टाकीकडे पुढे पुन्हा येते.

तिसरा रविवार अंदाज बांधण्याचा होता. शिकागो शहरात पियानो सुरात लावणारे किती असतील, हा एन्रिको फर्मी यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न प्रशिक्षकांनी जसाच्या तसा विचारला आणि वर्ग गप्प झाला. आमच्यापैकी अनेकांनी पियानो चित्रपटातच पाहिलेला. चूक लवकर लक्षात आली, हे त्यांचे श्रेय; ‘बरं, सोलापुरात पिठाच्या गिरण्या किती?’ असे विचारताच चौतीस जणांचा आवाज एकदम चढला. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख, घरटी पाच माणसे धरली तर एक लाख नव्वद हजार घरे, ज्वारी आणि गहू मिळून घराला महिन्याला वीस किलो दळण, म्हणजे अडतीस लाख किलो. एक गिरणी दिवसाला तीनशे किलो दळते आणि महिन्यात सव्वीस दिवस चालते असे धरून उत्तर पाचशेच्या आसपास आले. तेव्हा माझा एक विद्यार्थी, जो एरवी वर्गात तोंड उघडत नाही, उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, आमची गिरणी आहे. तीनशे किलो फक्त सणाच्या तोंडावर होतं. एरवी दीडशे झालं तरी पप्पा खूश असतात.’ त्यामुळे उत्तर एका फटक्यात दुप्पट, म्हणजे हजाराच्या घरात गेले. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने लगेच विचारले की जनगणनेला इतकी वर्षे झाली, आणि आता कितीतरी घरांत पीठ पुडीतून येते, त्याचे काय? अंदाजातील कोणता आकडा कच्चा आहे हे शोधणे हाच त्या अभ्यासाचा गाभा होता आणि तो काढून दाखवला गिरणीवाल्याच्या मुलाने आणि इतिहासाच्या मुलीने. ‘सर्व शाखांसाठी’ हे पत्रकावरील शब्द मला जाहिरातबाजी वाटले होते. त्या दिवशी ते मत मी मागे घेतले.

चौथ्या रविवारी आम्हाला अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत एका टॉवेलच्या कारखान्यात नेण्यात आले. सुटीच्या दिवशीही काही माग चालू ठेवण्याची तयारी मालकांनी दाखवली होती. यंत्रमागांचा खडखडाट इतका की प्रशिक्षकांना हाताने खुणा करून बोलावे लागत होते, आणि कापसाचा भुगा केसांवर, भुवयांवर बसत होता. मालकांनी प्रश्न समोर ठेवला: टॉवेलांवर आडवी रेघ येते आणि तो माल दुय्यम म्हणून कमी भावाने विकावा लागतो. पाच वेळा ‘का’ विचारून मुळाशी जायचे, ही त्या दिवसाची रीत. रेघ का येते? माग मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो त्या जागी. माग का थांबतो? बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटतो. धागा का तुटतो? माग सांभाळणाऱ्या जॉबरने धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग, उघडून आतली सूत गुंडाळलेली कांडी अंगठ्याने दाबून दाखवली. ती लिंबाच्या सालीसारखी मऊ लागत होती. सैल भरलेल्या कांडीवरचे वेढे एकदम सुटतात, गुंततात आणि धागा तुटतो. कांडी सैल का भरली जाते? येथे अभियांत्रिकीच्या मुलांनी कांड्या भरण्याच्या यंत्राकडे धाव घेतली, ताण देणाऱ्या चकत्या ढिल्या असल्याचे शोधले आणि प्रश्न सुटला म्हणून वह्या मिटल्या.

समाजशास्त्राची एक मुलगी मात्र तेथेच यंत्राजवळ बसलेल्या बाईंकडे गेली. ‘अक्का, तुम्हाला पगार दिवसावर आहे का कांड्यांवर?’ एवढेच तिने विचारले. मजुरी कांड्यांच्या संख्येवर होती. चकती आवळली की धागा वारंवार तुटतो, तो जोडण्यात वेळ जातो आणि दिवसाच्या कांड्या कमी भरतात. म्हणून अक्का स्वतःच चकती ढिली करून घेत असत, आणि हे सांगताना त्यांना त्यात लपवण्यासारखे काहीही वाटत नव्हते. चकती कितीही वेळा आवळली तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ढिली होणार होती. मालक हे सर्व ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, ‘बरोबर आहे बाळ. पण मजुरी वाढवली तर टॉवेलला दोन रुपये जास्त कोण देणार, ते पण शोधून दे.’ या वाक्यावर वर्गाने थांबायला हवे होते. दुय्यम मालात किती पैसे जातात आणि मजुरीची पद्धत बदलली तर किती खर्च वाढेल, असा साधा दोन रकान्यांचा हिशेब मांडता आला असता. माझे सहाही विद्यार्थी तो दहा मिनिटांत मांडू शकले असते. परंतु प्रशिक्षकांनी घड्याळ पाहिले, ‘मूळ कारण सापडले’ असे जाहीर केले आणि आम्ही बसमध्ये बसलो.

येथे दोन आक्षेप नोंदवते. पहिला असा की पाच वेळा ‘का’ विचारण्याच्या रीतीचा ठाऊक असलेला दोष वर्गात सांगितला गेला नाही. ती एकाच साखळीने खाली उतरते आणि पहिल्या उत्तरावर पुढची सगळी वाट ठरते. त्याच कारखान्यातील एका वयस्क विणकराने जाता जाता मला सांगितले की चैत्र-वैशाखात हवा कोरडी झाली की धागा कांडी चांगली असली तरी तुटतो आणि म्हणून ते खाली पाणी मारतात. सुती धाग्याला ओलावा लागतो, ही सोलापूरच्या प्रत्येक मागवाल्याला ठाऊक असलेली गोष्ट. म्हणजे एकाच रेघेला किमान दोन मुळे होती आणि आम्ही एक घेऊन परतलो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ही रीत प्रशिक्षकांनी जपानी मोटारींच्या कारखान्याची चित्रे दाखवून शिकवली. ती ज्यांच्या नावाने सांगितली जाते ते साकिची टोयोडा मुळात मोटारवाले नव्हतेच. ते माग तयार करणारे होते. धागा तुटताच आपोआप थांबणारा त्यांचा स्वयंचलित माग १९२४ मधील आहे आणि त्याच्या पेटंटाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागांच्याच कंपनीला विकले गेले. मोटारी त्यानंतर आल्या. चादरीसाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या गावात, चालू मागासमोर उभे राहून, तुटलेल्या धाग्याबद्दल बोलत असताना ही गोष्ट सांगायची राहून जावी, याचे मला अजूनही नवल वाटते. ज्या मुलांचे आजोबा कापडगिरणीत होते आणि वडील मागावर आहेत, त्यांना ही रीत परदेशातून पाहुणी म्हणून आलेली वाटली.

पाचवा आणि सहावा रविवार यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. कारणांच्या अनेक शाखा माशाच्या काट्यासारख्या मांडण्याची काओरू इशिकावा यांची आकृती पाचव्या रविवारी शिकवली गेली. टॉवेलच्या रेघेसाठी हेच तर हवे होते: मजुरी एका काट्यावर, हवा दुसऱ्यावर, सुताची प्रत तिसऱ्यावर. पण तयार चित्रफितीतील उदाहरण एका कॉफीच्या दुकानातील थंड कॉफीचे होते आणि आम्ही तीन तास त्या कॉफीचे काटे काढत बसलो. सहाव्या रविवारी रंगीत कागदांच्या चिठ्ठ्या भिंतीला चिकटवून कल्पना सुचवण्याचा कार्यक्रम झाला. चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या.

भाषेबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. प्रशिक्षक बोलत मराठीत आणि छान बोलत. पण हातात दिलेले सर्व कागद इंग्रजीत होते. वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी मुले होती आणि मराठी हीच त्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा होती. गटात तावातावाने चाललेली चर्चा कागद भरायची वेळ आली की थांबायची आणि ज्याचे इंग्रजी बरे त्याच्या हाती पेन जायचे. आमच्या गटात वाद घालणारी मुलगी एक आणि लिहिणारा मुलगा दुसरा. कागदावर उतरले ते लिहिणाऱ्याला जमेल तेवढेच. मी तिसऱ्या रविवारी ही गोष्ट सुचवली, तेव्हा पुढच्या वेळी मराठी कागद आले, ते इतके शब्दशः केलेले की मूळ इंग्रजी कागद मागून घ्यावे लागले. पत्रकात पंचवीस जणांची तुकडी म्हटले होते, प्रत्यक्षात चौतीस जण घेतले होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून वैद्यकाचे शिक्षण रुग्णाच्या प्रश्नांभोवती उभे केले, तेव्हा त्याचा कणाच लहान गट आणि प्रत्येक गटाबरोबर बसणारा मार्गदर्शक हा होता. येथे चौतीस जणांमागे एक प्रशिक्षक आणि एक मदतनीस होते, आणि मदतनिसाचा बराचसा वेळ प्रोजेक्टर सांभाळण्यात जात असे.

आता टाकीकडे वळते. सातव्या रविवारी गटांनी आपापल्या कामाचा अहवाल दिला आणि त्यात त्या नऊ मुलांचा अहवाल सर्वांत पाहण्यासारखा होता. माणशी पंचेचाळीस लिटर धरले तर नऊ जणांना पाच दिवसांसाठी दोन हजार पंचवीस लिटर लागतात, म्हणजे टाकी जेमतेम पुरायला हवी. मग ती तिसऱ्याच दिवशी का संपते? घरमालकांनी आणखी एक टाकी बसवावी, असे त्यांचे उत्तर दुसऱ्या रविवारीच तयार होते. प्रशिक्षकांनी त्यांना उत्तर खिशात ठेवून आधी मोजायला सांगितले होते. त्यांनी टाकीच्या आत खडूने नव्हे, तर पट्टीवर खुणा करून पातळी मोजायला सुरुवात केली (खडू पहिल्याच दिवशी धुऊन गेला, हे त्यांनी प्रामाणिकपणे अहवालात लिहिले होते). रात्री अकराला आणि पहाटे पाचला घेतलेल्या नोंदींत फरक निघाला. सगळे झोपलेले असताना पाणी उतरत होते. मग एकाने दोन्ही शौचालयांच्या फ्लशच्या टाकीत चिमूटभर गुलाल टाकला आणि अर्ध्या तासाने एका भांड्यात, कोणी फ्लश न करताही, गुलाबी ओघळ दिसला. चाळीस रुपयांचा वायसर बदलला. टाकी आता चौथ्या दिवसापर्यंत जाते; पाचवा दिवस अजूनही कोरडाच आहे आणि त्यासाठी पहिल्या दिवशी सर्वांनी एकदम कपडे धुण्याची सवय बदलावी लागेल, असे त्यांनी शेवटी लिहिले होते. त्या नऊ जणांत बी. कॉम., बी. एस्सी., एक नाट्यशास्त्राचा आणि दोन फार्मसीचे होते. गुलालाची कल्पना नाट्यशास्त्रवाल्याची.

इतके चांगले काम झाल्यावर आठव्या रविवारी जे झाले त्याने मी खरोखर व्यथित झाले. पोल्याची चौथी पायरी, म्हणजे मागे वळून तपासणे, त्या दिवसासाठी राखून ठेवली असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात चाळीस गुणांची बहुपर्यायी परीक्षा घेण्यात आली. माशाच्या काट्याची आकृती कोणी काढली, अमुक रीतीत किती पायऱ्या आहेत, पुढीलपैकी कोणता शब्द या संकल्पनेत बसत नाही, असे प्रश्न. गुलाल टाकणाऱ्या मुलाला सतरा गुण मिळाले आणि त्याच्या प्रमाणपत्रावर ‘साधारण’ असा शेरा आला. आठही रविवारांत एकही प्रश्न न विचारलेल्या, पण कागद पाठ केलेल्या एका मुलाला अडतीस. कारखान्यात अक्कांशी बोललेली मुलगी परीक्षेच्या दिवशी गावी गेली होती. तिला प्रमाणपत्रच मिळाले नाही. एखाद्या गटाला नवी समस्या देऊन तासभर काय करतात ते पाहणे, किंवा नुसते अहवाल वाचून गुण देणे, यासाठी वेगळा खर्च लागला नसता.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. पत्रकावर ‘क्रेडिटसाठी (म्हणजे पदवीच्या श्रेयांकांसाठी) उपयुक्त’ असे शब्द आहेत. नवीन शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे इतर शाखांचे आणि कौशल्याचे विषय घ्यावे लागतात, त्यामुळे मुले या शब्दांना भुलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार एका क्रेडिटसाठी व्याख्यानाचे पंधरा किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास लागतात. हा वर्ग एकूण चोवीस तासांचा आणि बहुतांशी प्रात्यक्षिकाचा आहे. शिवाय क्रेडिट देण्याचा अधिकार महाविद्यालयाचा आणि विद्यापीठाचा असतो, बाहेरच्या वर्गाचा नव्हे. पैसे भरण्याआधी आपल्या महाविद्यालयात विचारावे. बाकी जागा स्वच्छ आहे, पंखे चालतात, मधल्या सुटीत चहा मिळतो. पावती मागितल्यावर मिळाली.

संक्रांतीला गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा असल्याने पुढची तुकडी त्यानंतर सुरू होणार आहे. परीक्षा बदलणार का, असे मी दूरध्वनीवर विचारले. परीक्षा तीच राहील, मात्र मराठी कागद पुन्हा तयार करून घेत आहोत, असे उत्तर मिळाले. माझ्या आणखी चार विद्यार्थ्यांची नावे मी दिली आहेत. पहिले चार रविवार एकही चुकवायचा नाही, कारखान्यात गेल्यावर मालकांच्या प्रश्नाचा हिशेब मांडूनच बसमध्ये बसायचे, आणि आठव्या रविवारी घरी थांबले तरी चालेल, असे मी त्यांना सांगितले आहे.